खडीच्या रस्त्यावरची सहा वर्षे

३० जून १९९८ रोजी अमेरिकेत ल्युसिंडा विल्यम्स या गायिका-गीतकाराचा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. खडीच्या रस्त्यावरून जाणारी मोटारीची चाके, असा या नावाचा साधा अर्थ. त्यात १३ गाणी असून एकूण अवधी सुमारे ५२ मिनिटांचा आहे. विल्यम्स यांचे वय त्या वेळी ४५ वर्षांचे होते आणि त्यांचा आधीचा अल्बम १९९२ साली आला होता. मधल्या सहा वर्षांत हीच गाणी एकदा जवळजवळ पूर्ण ध्वनिमुद्रित झाली, बाजूला ठेवली गेली, दुसऱ्या शहरात पुन्हा ध्वनिमुद्रित झाली आणि तिसऱ्या शहरात त्यांवर शेवटचा हात फिरला. या प्रवासात निर्माते बदलले, प्रकाशक कंपनी बदलली आणि एक जुना, निकटचा सहकारी कायमचा दुरावला.

अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याच्या विलंबाची चर्चा वृत्तपत्रांत सुरू झाली होती. ही गायिका हट्टी आहे, तिला काहीच पसंत पडत नाही, असा सूर त्या चर्चेत होता. गाणी कानांवर पडल्यावर तो सूर पालटला आणि समीक्षकांनी हा अल्बम त्या वर्षातील सर्वोत्तम ठरविला. गाणी तयार असताना त्यांना सहा वर्षे कशासाठी लागली, हे पाहिले म्हणजे हा अल्बम नीट उलगडतो.

कोणत्या कप्प्यात ठेवायचे?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागात वाढलेल्या संगीताला ‘कंट्री’ म्हणतात. फिडल, बँजो, गिटार ही त्याची वाद्ये आणि घर, वाट, मद्य, विरह, देव हे त्याचे विषय. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर या संगीताची पेठ आहे. १९९०च्या दशकात या पेठेचे रूप झपाट्याने बदलले. गार्थ ब्रुक्स यांचे कार्यक्रम मोठमोठ्या क्रीडागारांत होऊ लागले. शनाया ट्वेन यांचा नोव्हेंबर १९९७ मध्ये आलेला ‘कम ऑन ओव्हर’ हा अल्बम जगभर कोट्यवधी प्रतींनी खपला. कंट्रीचा आवाज अधिक गुळगुळीत, अधिक लखलखीत झाला आणि जे त्या साच्यात बसत नव्हते त्यांना रेडिओची दारे बंद झाली.

याच काळात दुसऱ्या टोकाला काही तरुण वादकांनी जुन्या कंट्रीची आणि पंक रॉकच्या खडबडीतपणाची सांगड घातली. इलिनॉय राज्यातील ‘अंकल ट्युपेलो’ या वाद्यवृंदाचा १९९० साली आलेला ‘नो डिप्रेशन’ हा अल्बम त्यांचा आरंभबिंदू मानला जातो. १९९५ साली सिॲटलमधून याच नावाचे नियतकालिक निघाले आणि या प्रवाहाला ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ हे नाव रूढ झाले. पर्यायी कंट्री म्हणजे नॅशव्हिलच्या पेठेबाहेरचे कंट्री.

विल्यम्स मात्र या नावाच्या कितीतरी आधीपासून तेच करीत होत्या. १९७९ आणि १९८० साली ‘फोकवेज’ या लोकसंगीताच्या संस्थेने त्यांचे पहिले दोन अल्बम काढले. पहिल्यात जुनी ब्लूज व कंट्री गीते होती, दुसऱ्यात त्यांची स्वतःची. त्यानंतरची आठ वर्षे त्यांचा एकही अल्बम निघाला नाही. लॉस एंजेलिसमध्ये एका मोठ्या कंपनीने त्यांच्याकडून नमुन्यादाखल गाणी करवून घेतली. तेथील अधिकाऱ्यांना ती फार कंट्री वाटली, नॅशव्हिलच्या अधिकाऱ्यांना फार रॉक वाटली आणि दोन्हीकडून नकार आला. हा प्रसंग विल्यम्स यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितला आहे. दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे ठरत नाही म्हणून माल नाकारला जावा, अशी ही अवस्था होती. अखेर १९८८ साली पंक संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘रफ ट्रेड’ या ब्रिटिश कंपनीने त्यांचा तिसरा अल्बम काढला. त्याचे नाव फक्त ‘ल्युसिंडा विल्यम्स’ होते.

त्यातील ‘पॅशनेट किसेस’ हे गीत पुढे मेरी चॅपिन कार्पेंटर यांनी गायले आणि ते गाजले. १९९४ साली त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री गीताचे ग्रॅमी मिळाले व ते गीतकार म्हणून विल्यम्स यांच्या हाती आले. टॉम पेटी, पॅटी लव्हलेस यांनीही त्यांची गाणी गायली. गीतकार म्हणून सर्वांना हव्याशा वाटणाऱ्या विल्यम्स यांचा स्वतःचा आवाज मात्र रेडिओवर क्वचितच ऐकू येई. नव्या अल्बमच्या कामाला त्यांनी सुरुवात केली ती या पार्श्वभूमीवर.

कवीच्या घरातील शिस्त

विल्यम्स यांचा जन्म २६ जानेवारी १९५३ रोजी लुइझियाना राज्यातील लेक चार्ल्स या गावी झाला. वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि साहित्याचे प्राध्यापक होते. बिल क्लिंटन यांनी जानेवारी १९९७ मध्ये अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली, त्या समारंभात कविता वाचण्याचा मान त्यांना मिळाला होता. आई पियानो वाजवीत असे. प्राध्यापकाच्या नोकरीच्या निमित्ताने कुटुंब सतत हिंडत राहिले. मेकन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स, मेक्सिको सिटी, चिलीतील सँतियागो आणि अखेर आर्कान्सा राज्यातील फेयेटव्हिल. मुलीच्या मनात गाव या गोष्टीचे स्थान पक्के झाले ते बहुधा कोणतेच गाव पुरते आपले न झाल्यामुळे.

या घरात लेखक-कवींचा राबता असे. विख्यात कथाकार फ्लॅनरी ओकॉनर यांना भेटायला वडील गेले असताना त्यांच्या अंगणातील मोरांमागे आपण धावत होतो, ही विल्यम्स यांची लहानपणची आठवण प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठेपणीही त्या आपली गीते वडिलांना दाखवीत आणि वडील त्यांतील सैल शब्दावर बोट ठेवीत. कवीच्या घरात एखादी ओळ दहा वेळा खोडून पुन्हा लिहिणे याला कोणी हट्ट म्हणत नाही, ते कामच असते. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात मात्र तासाचे भाडे मोजावे लागते, वादक ताटकळत बसतात आणि कंपनीला तारीख हवी असते. विल्यम्स यांनी लेखनाची शिस्त ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणली आणि खटके उडाले ते नेमके याच जागी.

ऑस्टिन, नॅशव्हिल, लॉस एंजेलिस

१९९५ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे काम सुरू झाले. निर्मितीची धुरा गर्फ मॉर्लिक्स यांच्याकडे होती. ते अनेक वर्षे विल्यम्स यांच्या वाद्यवृंदातील गिटारवादक होते आणि आधीच्या दोन्ही अल्बमांच्या निर्मितीतही त्यांचा मोठा वाटा होता. गाणी बसली, बहुतेक ध्वनिमुद्रण पूर्ण झाले. विल्यम्स यांचे मन मात्र घेईना. विशेषतः स्वतःचा आवाज त्यांना निर्जीव वाटत होता.

अशा स्थितीत स्टीव्ह अर्ल यांनी त्यांना आपल्या अल्बममध्ये एक युगुलगीत गाण्यास बोलाविले. व्यसन आणि तुरुंगवास यांतून नुकतेच सावरलेल्या अर्ल यांचा ‘आय फील ऑलराइट’ हा अल्बम १९९६ साली आला. त्यातील स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा विल्यम्स यांना हवे होते ते सापडले. आवाज जवळचा होता, कोरडा होता, त्यातील चिरा बुजविलेल्या नव्हत्या. अर्ल आणि त्यांचे सहनिर्माते रे केनेडी नॅशव्हिलमध्ये जुन्या धाटणीच्या यंत्रसामग्रीवर काम करीत. विल्यम्स यांनी आपली गाणी तेथे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा निर्णय घेतला.

आरंभी काही गाण्यांपुरता वाटणारा हा बदल वाढत जाऊन जवळजवळ सारा अल्बमच नव्याने झाला. ज्याने ऑस्टिनचे काम उभे केले होते, त्या मॉर्लिक्स यांना आता दुसऱ्याच्या निर्मितीत केवळ वादक म्हणून बसावे लागले. ते काम सोडून गेले आणि सुमारे दहा वर्षांची साथ संपली. या अल्बमसाठी मोजलेल्या किमतीत ही किंमत सर्वांत जड होती. ऑस्टिनचे ध्वनिमुद्रण ऐकलेल्या काहींना तेही उत्तम वाटले होते. त्यामुळे मॉर्लिक्स यांच्यावर अन्याय झाला असे मानणाऱ्यांचे म्हणणेही सहज झटकून टाकता येत नाही.

अर्ल यांच्याशीही सारे सुरळीत चालले नाही. झटपट काम उरकण्याची त्यांची रीत आणि एकेका जागेपाशी थांबण्याची विल्यम्स यांची रीत यांचे जमणे कठीणच होते. हा अनुभव आनंदाचा नव्हता, असे अर्ल यांनीही पुढे मोकळेपणाने सांगितले. त्यांना दौऱ्यावर जायचे होते आणि गाणी अजून अपुरी होती. तेव्हा विल्यम्स लॉस एंजेलिसला गेल्या. तेथे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘ई स्ट्रीट बँड’चे पियानोवादक रॉय बिटन यांनी उरलेले काम हाती घेतले, ॲकॉर्डियन व ऑर्गन यांची भर घातली आणि अल्बम पुरा केला. रिक रुबिन आणि जिम स्कॉट यांनी अंतिम ध्वनिमिश्रण केले.

तरीही अडथळे संपले नव्हते. विल्यम्स यांचा करार रुबिन यांच्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ या कंपनीशी होता. वयोवृद्ध जॉनी कॅश यांना १९९४ साली पुन्हा प्रकाशात आणणारी ती हीच कंपनी. पण वितरणाच्या फेरबदलांत ती अडकली आणि तयार अल्बम पडून राहिला. शेवटी ‘मर्क्युरी’ने तो विकत घेऊन बाजारात आणला.

गाण्यांतील गावे

एवढ्या खटाटोपातून हाती आले ते ऐकताना खटाटोपाची खूणही जाणवत नाही. वादक एका खोलीत सहज बसून वाजवीत आहेत आणि गायिका जवळच बसून काही सांगत आहे, असा भास होतो.

शीर्षकगीत एका लहान मुलीच्या नजरेने लिहिलेले आहे. मेकनमधील घराचे स्वयंपाकघर, रेडिओवरील लोरेटा लिन, न्याहारीचा वास, मोठ्यांच्या तोंडची अर्धवट ऐकू येणारी कुजबुज, मग सामानाची बांधाबांध आणि मोटारीची मागची सीट. कोणाचे काय बिनसले हे गीत सांगत नाही. मुलीला जेवढे कळते तेवढेच श्रोत्याला कळते. हे गीत वडिलांनी प्रथम नॅशव्हिलमधील एका कार्यक्रमात ऐकले. कार्यक्रम संपल्यावर ते मुलीपाशी आले आणि त्यांनी तिची क्षमा मागितली. मागच्या सीटवर बसलेली ती मुलगी आपणच आहोत, हे वडील बोलेपर्यंत आपल्याही ध्यानात आले नव्हते, असे विल्यम्स यांनी सांगितले आहे. शब्द नेमके असले की लिहिणाऱ्यालाही न कळलेली गोष्ट ते सांगून जातात, याचे हे उदाहरण.

‘ड्रंकन एंजल’ हे गीत ऑस्टिनचे गीतकार ब्लेझ फोली यांच्यावर आहे. फोली यांचे एक गीत मर्ल हॅगर्ड आणि विली नेल्सन यांच्यासारख्या दिग्गजांनी गायले होते. पण स्वतः फोली बेघर अवस्थेत मित्रांकडे राहत आणि फाटक्या बुटांना चिकटपट्टी लावून हिंडत. १ फेब्रुवारी १९८९ रोजी ऑस्टिनमध्ये गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. या गीतात शोक आहे आणि संतापही आहे. एवढी देणगी लाभलेल्या माणसाने स्वतःला असे का उधळून द्यावे, हा प्रश्न त्यात आहे. ‘लेक चार्ल्स’ हे गीतही एका दिवंगत स्नेह्यावर आहे. तो मूळचा टेक्सासचा, पण लुइझियानावर जीव जडल्यामुळे तो आपण लेक चार्ल्सचेच असे सांगत असे. गायिकेने आपले जन्मगाव या गीतातून जणू त्याच्या नावे करून टाकले.

‘टू कूल टू बी फरगॉटन’ या गीताची बीजे बर्नी आइम्स या छायाचित्रकाराच्या मिसिसिपीतील पानगृहांवरील पुस्तकात आहेत. भिंतींवर हाताने रंगविलेल्या सूचना आणि ग्राहकांनी लिहून ठेवलेली वाक्ये या चित्रांत दिसतात. गीतही तशाच तुकड्यांनी बांधलेले आहे आणि अल्बमच्या वेष्टनावरील छायाचित्रही आइम्स यांचेच आहे. ‘राइट इन टाइम’ या पहिल्या गीतात एकटी स्त्री प्रियकराच्या आठवणीतील शरीरसुख कसलाही आडपडदा न ठेवता बोलून दाखविते. ‘ग्रीनव्हिल’मध्ये भांडखोर प्रियकराला त्याच्या गावी परत पाठविले जाते आणि तेथे एमिलू हॅरिस यांचा साथस्वर येतो. ‘जॉय’मध्ये हिरावून नेलेला आनंद परत मागत स्त्री गावोगाव फिरते. शेवटच्या ‘जॅक्सन’मध्ये प्रवासी लाफायेट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग अशी एकेक ठिकाणे ओलांडीत जाते आणि पुढच्या गावी पोहोचले की तुझी आठवण येणार नाही, असे स्वतःला बजावीत राहते. प्रत्येक गावाबरोबर ते बजावणे अधिकच फोल वाटू लागते.

नकाशा उघडून बसले तर यांतील बहुतेक गावे लुइझियाना, मिसिसिपी आणि टेक्सास यांच्या एका पट्ट्यात सापडतात. भावना सांगण्याऐवजी गावाचे नाव सांगायचे आणि उरलेले श्रोत्यावर सोडायचे, ही विल्यम्स यांची पद्धत. अशा गीतात आवाजाने खोटे रेटून चालत नाही. साध्या शब्दांत लपायला जागा नसते. ऑस्टिनच्या ध्वनिमुद्रणाने त्यांचे समाधान का झाले नाही, याचा उलगडा येथे होतो. सुरात चूक नव्हती. त्यांना गाणाऱ्या बाईऐवजी सांगणारी बाई ऐकू यायला हवी होती.

विलंबाचा दोष कोणाला?

१९९७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक नियतकालिकाने या अपुऱ्या अल्बमवर दीर्घ लेख छापला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील ताण आणि गायिकेची घालमेल यांचे तपशीलवार चित्रण त्यात होते. ‘कधीच समाधान न होणारी बाई’ ही विल्यम्स यांची ओळख तेथून पक्की झाली आणि पुढे अनेक वर्षे ती त्यांना चिकटून राहिली.

विल्यम्स यांनी यावर केलेला आक्षेप साधा आहे. पुरुष कलावंताने असाच वेळ घेतला तर त्याला प्रतिभावंत म्हणतात, स्त्रीने घेतला तर विक्षिप्त. या आक्षेपाचा पुरावा त्यांच्या शेजारीच बसला होता. अल्बम पूर्ण करणाऱ्या रॉय बिटन यांनी १९७५ साली स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न टू रन’मध्ये पियानो वाजविला होता. त्या अल्बमला वर्षाहून अधिक काळ लागला आणि एकट्या शीर्षकगीतावर सुमारे सहा महिने खर्ची पडले. रॉकच्या इतिहासात ही गोष्ट आज ध्यासाची गाथा म्हणून सांगितली जाते.

अर्थात सहा वर्षांचा सारा विलंब विल्यम्स यांच्या चोखंदळपणामुळे झाला असेही नाही. ‘रफ ट्रेड’ची अमेरिकन शाखा बुडाली. १९९२चा अल्बम काढणारी कंपनीही टिकली नाही आणि तिसरी वितरणात अडकली. व्यवहारातील या अस्थैर्याचे खापर मात्र गायिकेच्या स्वभावावर फुटले.

स्वागत आणि पुढची वाट

अल्बम आल्यावर ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाच्या वार्षिक कौलात अमेरिकेतील शेकडो समीक्षकांनी त्याला पहिले स्थान दिले. त्या साप्ताहिकाचे ज्येष्ठ समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी त्याला आपली सर्वोच्च श्रेणी दिली. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, तेही ‘समकालीन लोकसंगीत’ या विभागात. कप्प्याचा जुना प्रश्न पुरस्कार देतानाही सुटला नव्हता, एवढेच यातून दिसले. कंट्री रेडिओने या गाण्यांना फारशी जागा दिली नाही आणि बिलबोर्डच्या यादीत अल्बम पहिल्या पन्नासातही पोहोचला नाही. तरी तो सावकाश विकला जात राहिला आणि पाच लाख प्रतींचा टप्पा गाठून ‘गोल्ड’ ठरला. विल्यम्स यांच्या वाट्याला हे प्रथमच आले.

पुढील वर्षांत अल्बमचे स्थान उंचावत गेले. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत २००३ साली तो तिनशेच्या पुढे होता. २०२०च्या सुधारित यादीत तो पहिल्या शंभरात आला. २००१ साली ‘टाइम’ने विल्यम्स यांना अमेरिकेतील सर्वोत्तम गीतकार म्हटले. अल्बमला २० वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, त्यांनी तो पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत क्रमाने गाऊन सादर केला.

नोव्हेंबर २०२० मध्ये विल्यम्स यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराच्या डाव्या बाजूवर परिणाम झाल्याने गिटार वाजविणे थांबले, पण गाणे थांबले नाही. २०२३ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्याचे शीर्षक त्यांनी याच अल्बममधील एका गीतातून घेतले. आता साथीला गिटार दुसऱ्याच्या हाती असते. त्या ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहून मेकन, लेक चार्ल्स, जॅक्सन ही नावे गातात, आणि त्या आवाजातील चिरा आजही कोणी बुजविलेल्या नाहीत.